बंद विटाभट्टीवरची जुनी वीट: कोणती गाडीत भरावी, कोणती तिथेच सोडावी

"जुन्या भट्ट्याची वीट आहे, आता अशी निघत नाही." बंद पडलेल्या विटाभट्टीची जागा आवरायला निघाली की हे वाक्य हमखास कानावर येतं. त्याच्या जोरावर चार वेगवेगळ्या जातींचा माल एकाच भावात ट्रॉलीत चढतो: न विकलेल्या विटांचे चट्टे, भट्टीच्या स्वतःच्या भिंतीच्या विटा, चिमणीच्या विटा आणि आवारातल्या मजुरांच्या खोल्या पाडून निघालेल्या विटा. यातला पहिला प्रकार निवडून घेतला तर उत्तम. दोन प्रकार ठराविक कामापुरते बरे. चिमणीचा माल मात्र फुकट मिळाला तरी घराच्या भिंतीत घालू नये.

विटेचं वय तिच्या दर्जाबद्दल फार थोडं सांगतं. ती कोणत्या मातीची, भट्टीत कुठे रचलेली होती आणि भट्टी विझल्यावर कुठे पडून राहिली, यावर सगळं ठरतं. म्हणून भाव विचारण्याआधी आवारात एक फेरी मारायची.

आधी जागा पाहा

आवारात लंबगोल खंदक, मधोमध उंचवटा आणि त्यावर चिमणी किंवा तिचं बूड दिसलं तर ती चिमणी भट्टी. खंदकात आज बाभळी नाहीतर घाणेरी माजलेली असेल, पण वळणाचा आकार लपत नाही. जर्मनीत फ्रीडरिश हॉफमन याने १८५८ मध्ये गोलाकार, सतत पेटती राहणारी भट्टी पेटंट केली होती. तिला पक्की कमान असे, म्हणजे खर्च मोठा. डब्ल्यू. बुल या इंग्रज अभियंत्याने १८७६ मध्ये ती कमानच काढून टाकली. जमिनीत खंदक खणायचा, त्यात कच्च्या विटा रचायच्या आणि वरून राख-मातीचा थर द्यायचा. भारतभर पसरली ती ही स्वस्त आवृत्ती. हिच्यात विटा जागेवर राहतात आणि आग पुढे सरकते. मागच्या निवत चाललेल्या विटांमधून हवा तापून आगीकडे येते, आगीचा धूर पुढच्या कच्च्या विटा सुकवत चिमणीकडे जातो. कोळशाची भुकटी वरच्या भोकांतून थोडी थोडी टाकतात. त्यामुळे भाजणी बरीच एकसारखी होते.

खंदक नसेल, नुसता चौकोनी भाजलेला लाल पट्टा आणि त्यावर राखेचा थर असेल, तर तिथे आवा लागत होता. विदर्भाच्या खेड्यांत ही रीत जुनी आणि जास्त रुळलेली. कच्च्या विटांचा ढीग, थरांच्या मध्ये कोळसा, धानपट्ट्यात कोंडा, बाहेरून मातीचा लेप, आणि एकदा पेटवलं की आग विझेपर्यंत तिच्यावर फारसा ताबा नाही. पोटातल्या विटा पक्क्या होतात, आगीच्या तोंडाशी असलेल्या वितळून खंगर होतात, बाहेरच्या दोन-तीन थरांच्या पिवळट राहतात. स्थापत्याच्या पाठ्यपुस्तकांत आव्यातून चांगल्या विटा साधारण ६० टक्के आणि सतत चालणाऱ्या भट्टीतून ९० टक्के धरतात. याचा खरेदीतला अर्थ सरळ आहे. आव्याच्या जागेवर पडून राहिलेला चट्टा म्हणजे बहुधा गिऱ्हाइकांनी नाकारलेला माल. चांगला होता तो तेव्हाच गेला. चिमणी भट्टी मधल्या हंगामात बंद पडली असेल तर मात्र अव्वल माल तसाच राहिलेला असू शकतो. म्हणून विकणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न: भट्टी हंगाम संपवून बंद झाली, की चालू हंगामात?

आणखी एक खूण. आवारात खंगराचे मोठमोठे ढीग असतील तर तिथे आच आवरली जात नव्हती. तिथला माल हातात घेऊन एकेक निवडावा लागेल, ठोक घेऊ नये.

मातीचा पट्टा

वैनगंगेच्या काठची, म्हणजे भंडारा, गोंदिया आणि गडचिरोलीकडची गाळाची माती विटेला चांगली. रेती आणि चिकणमाती यांचं प्रमाण बसतं, वीट सुकताना तडकत नाही. या पट्ट्यातली जुनी वीट घ्यायला फार विचार करावा लागत नाही.

काळ्या मातीचं तसं नाही. कपाशीला सोन्यासारखी असलेली ही माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. कच्ची वीट उन्हात ठेवली की तिला केसासारख्या भेगा पडतात. त्या भाजल्यावर बुजत नाहीत, वीट तिथूनच मोडते. राख, तूस किंवा रेती मिसळून भट्टीवाले हे आवरत, पण मिश्रण नीट मळलं नसेल तर मोडलेल्या विटेत राखेचे पांढुरके पुंजके दिसतात. अशी वीट भिजली की त्या जागी ठिसूळ होते.

काळ्या मातीचा दुसरा दोष म्हणजे चुनखडीचे खडे. भट्टीच्या आचेत खड्याची कळी, म्हणजे कळीचा चुना होतो. ही कळी पाणी प्यायली की फुगते आणि विटेचा टवका उडवते. छपाई झाल्यावर भिंतीवर वाटाण्याएवढे फोड येऊन मध्ये पांढरा ठिपका दिसतो, तो हाच चुना. नव्या विटेत हा धोका दिसत नाही. उघड्यावर तीन-चार पावसाळे काढलेल्या विटेत जो चुना फुटायचा तो फुटून गेलेला असतो. भाजल्यानंतर वीट हवेतली ओल घेऊन पहिल्या काळात किंचित वाढते. जुन्या विटेची ती वाढही बहुतांश झालेली असते. जुन्या विटेचे खरे फायदे हे दोन. "पूर्वीची माती चांगली होती" वगैरे बोलण्याला काही आधार नाही.

तिसरा पट्टा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा: अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतली गावं. गारा मळायलाच खारं पाणी वापरलं असेल तर मीठ विटेच्या अंगात असतं. ते धुऊन पूर्ण जात नाही. या पट्ट्यातली वीट लोण्याची, म्हणजे अंगावर उठणाऱ्या पांढऱ्या क्षारांची परीक्षा केल्याशिवाय घेऊ नये, ट्रॉली कितीही स्वस्त असो.

कोणत्या सालची

केंद्राची १४ सप्टेंबर १९९९ ची अधिसूचना इथे कामाची आहे. औष्णिक वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या भट्ट्यांनी मातीत वजनाने किमान २५ टक्के राख मिसळावी, असा नियम आला. २००३ मध्ये हे अंतर १०० किलोमीटर आणि २०१६ मध्ये ३०० किलोमीटर झालं. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस, मौदा, तिरोडा ही वीज केंद्रं नकाशावर टाकली की विदर्भातलं एकही गाव बाहेर राहत नाही. पुढे २२ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने भट्ट्यांना झिगझॅग (हवा नागमोडी फिरवणारी) भट्टी, उभी भट्टी किंवा पाइपातल्या गॅसकडे वळायला सांगितलं आणि धुरातल्या कणांना प्रति घनमीटर २५० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. माती उचलायच्या परवानग्या आधीच जड झाल्या होत्या. दुसऱ्या बाजूने राखेची, न भाजता बनवलेली वीट स्वस्तात दारात येऊ लागली होती.

राखेच्या नियमामुळे अलीकडच्या दोन दशकांतल्या भट्टीच्या विटेत राख असण्याची शक्यता धरूनच चाला. राख असणं हा दोष नाही. काळ्या मातीत ती आकसणं कमी करते आणि तिच्यात उरलेला कोळसा इंधनही वाचवतो. वीट मोडून गाभा पाहा. काळा पण कडक असेल तर चालतो. काळा आणि नखाने भुगा होणारा असेल तर आच आतपर्यंत पोचलीच नव्हती.

चट्ट्याची वीट

विकत घ्यायचा खरा माल हाच. पण चट्टाही सगळा सारखा नसतो. सर्वात वरचे दोन थर ऊन-पावसाने खाल्लेले, कोपरे गेलेले. तळाचे दोन-तीन थर जमिनीतली ओल आणि क्षार वर्षानुवर्षं शोषत बसलेले. काळ्या मातीत उभ्या असलेल्या चट्ट्याचे तळाचे थर खुशाल सोडून द्या. मधला भाग घ्यायचा.

पाऊस ही या मालाची परीक्षा आधीच घेऊन गेलेला असतो. चट्ट्यात मध्येच एखादी वीट विरघळल्यासारखी बसली असेल, तिचा लाल चिखल खालच्या विटांवर ओघळला असेल, तर त्या रांगेत कच्चा माल मिसळला आहे. दहा हजारांच्या चट्ट्यात अशा पाच-पन्नास दिसल्या तर बाजूला काढता येतात. दर हातभरावर एक दिसत असेल तर तो चट्टा नकोच.

मोजणीत फसगत इथेच होते. चट्टा बाहेरून भरलेला आणि आतून पोकळ रचलेला असू शकतो, मोडक्या विटाही आत दडवलेल्या असतात. लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार करून पैसे देऊ नका, भरताना मोजा. २३० × ११० × ७० मिलिमीटरची सुकी वीट साधारण ३ किलोची. हजार विटा म्हणजे ३ टन. धर्मकाट्याच्या पावतीवरूनही आकडा पडताळता येतो, फक्त माल ओला नसावा. ओल्या विटेत वजनाच्या १५ ते २० टक्के पाणी सहज बसतं.

खोल्यांच्या विटा

यात विटेआधी जोड पाहायचा. भट्टीवरच्या मजुरांच्या खोल्या बहुधा मातीच्या गाऱ्यात बांधलेल्या असतात, हे नशीबच म्हणायचं. गारा हातोडीच्या दोन हलक्या ठोक्यांत सुटतो, तारेचा ब्रश मारला की वीट तयार. चुन्याचा जोडही सुटतो, वेळ थोडा जास्त लागतो. सिमेंटचा जोड सुटत नाही. छिन्नी मारली की वीट मोडते आणि सिमेंट शाबूत राहतं, कारण गावच्या विटेपेक्षा तो माल कडक असतो. हजारातल्या निम्म्या विटांचे अद्धे होतात. सिमेंटची पुटं तशीच ठेवून जोडाई केली तर नवा माल त्यावर धरत नाही, शिवाय थर सरळ येत नाही आणि माल दुप्पट लागतो. सिमेंटमध्ये बांधलेल्या भिंतीच्या विटा भरावाच्या भावातच घ्याव्यात.

खोलीच्या विटा घेताना जमिनीलगतचे तीन-चार थर वेगळे ठेवायला सांगा. लोणं तिथेच लागलेलं असतं. चुलीमागच्या काजळलेल्या विटा आणि न्हाणीच्या भिंतीच्या विटाही वेगळ्या काढा.

भट्टीची भिंत आणि चिमणी

खंदकाच्या आतल्या भिंतीने दरवर्षी आग सोसलेली असते. तिच्या आगीकडच्या अंगावर काचेसारखी चकचकीत साय चढते. दिसायला रुबाबदार, पण त्या अंगाला गारा किंवा सिमेंट धरत नाही आणि छपाईही सुटते. चकचकीत बाजू बाहेर ठेवून, छपाई न करता, वाडग्याची, म्हणजे घरामागच्या आवाराची भिंत किंवा विहिरीचा ओटा बांधायचा असेल तर छान शोभते. कोठ्याच्या, म्हणजे गोठ्याच्या आतल्या भिंतीलाही चालेल. खोलीला नको.

चिमणीच्या विटेत दोष दिसत नाही, म्हणून ती जास्त फसवते. कोळशात गंधक असतं. वर्षानुवर्षं त्याचा धूर पिऊन विटेच्या अंगात क्षार साचतात आणि आतल्या बाजूला काजळी, डांबरासारखा थर. अशी वीट खोलीच्या भिंतीत गेली की पहिल्याच पावसाळ्यात छपाईवर पांढरी बुरशी आल्यासारखं लोणं उठतं आणि पिवळे-तपकिरी डाग रंगाच्या दोन हातांमधूनही वर येतात. घासून, धुऊन, प्रायमर मारून काही होत नाही. शिवाय चिमणी बुडाशी खाचा पाडून आडवी केली असेल तर बऱ्याच विटांना आतून तडे गेलेले असतात. हातात सलग वाटतात, भिजवल्या की दोन तुकडे.

खंगर, भुकटी आणि एक इशारा

खंगराला नाक मुरडू नका. वेडावाकडा असतो, पाणी शोषत नाही, म्हणून जोडाईला निकामी. पण शोषखड्डा भरायला यासारखा माल नाही: पाण्यात विरघळत नाही आणि तुकड्यांमध्ये पोकळी राहते. कोठ्याच्या फरशीखाली सोलिंगला, वावरातल्या पांदण रस्त्याच्या खड्ड्यांत, सगळीकडे चालतो. मातीचा किंवा राखेचा भुगा मिसळलेला मात्र घेऊ नका. शोषखड्डा वर्षभरात तुंबतो.

पिवळ्या, कमी भाजलेल्या विटेचाही एक उपयोग आहे. तिची बारीक दळलेली भुकटी, म्हणजे सुरखी, चुन्यात मिसळली की पाण्यातही घट्ट होणारा माल बनतो. जास्त भाजलेल्या विटेच्या भुकटीत हा गुण राहत नाही. जुन्या वाड्याची किंवा देवळाची चुन्यातली डागडुजी करायची असेल तर एक भाग चुना, दोन भाग सुरखी हे नेहमीचं प्रमाण.

आणि जुन्या म्हणून कुणी हातभर लांब, चपट्या, आजच्या साच्यात न बसणाऱ्या विटा दाखवल्या तर हात लावू नका. पवनी, मनसर या भागांत सातवाहन-वाकाटक काळातली विटांची बांधकामं जमिनीखाली आहेत. मनसरच्या हिडिंबा टेकडीवरचं वाकाटकांचं काम पाचव्या शतकातलं. संरक्षित जागेवरून वीट उचलणं गुन्हा आहे, आणि ती विकत घेणाराही अडकतो.

परीक्षा कशी घ्यायची

दोन विटा एकमेकींवर मारून खणखणीत आवाज, नखाने ओरखडा न उठणं, मीटरभरावरून पडून न मोडणं, हे मिस्त्री लोक जागेवर पाहतातच. ते पाहावंच. पण त्याने पाणी आणि लोणं कळत नाही. त्यासाठी चट्ट्याच्या वेगवेगळ्या जागांवरून पाच विटा घरी आणा.

पाणी: वीट कडक उन्हात चार-पाच दिवस सुकवा, वजन करा. २४ तास पाण्यात पूर्ण बुडवा, बाहेर काढून ओल्या फडक्याने पुसा, लगेच पुन्हा वजन करा. २,९०० ग्रॅमची वीट ३,४०० झाली तर ५०० ग्रॅम पाणी, म्हणजे १७ टक्के, चालेल. ३,५०० झाली तर जवळजवळ २१ टक्के; नको. भारतीय मानक १०७७ साध्या विटेला २० टक्क्यांची आणि ताकदीच्या १२.५ पेक्षा वरच्या वर्गाला १५ टक्क्यांची मर्यादा देतं. प्रयोगशाळेत विटा ओव्हनमध्ये सुकवतात, त्यामुळे उन्हात सुकवलेल्या विटेचा आकडा थोडा कमी येतो हे लक्षात ठेवा.

लोणं: परातीत इंचभर पाणी घेऊन विटा उभ्या ठेवा. पाणी विहिरीचं नको, बॅटरीत घालतात ते घ्या. नाहीतर विहिरीचेच क्षार विटेवर दिसतील. सावलीत, वारा लागेल अशा जागी सगळं पाणी आटू द्या, मग पुन्हा तेवढंच पाणी घालून दुसऱ्यांदा आटवा. पांढरं काहीच नाही तर उत्तम. अंगाच्या दहाव्या हिश्शापर्यंत पांढरा पापुद्रा म्हणजे किरकोळ, निम्म्यापर्यंत मध्यम. निम्म्याच्या वर गेला किंवा पृष्ठभाग भुगा होऊन पडू लागला तर तो माल नाकारा. आठ-पंधरा दिवस जातात. विकणारा घाई करत असेल तर तेवढ्यासाठी बयाणा देऊन चट्टा राखून ठेवा.

भार घेणाऱ्या भिंतीसाठी माल घेत असाल तर पाच विटा जवळच्या शासकीय तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात दाबून घ्या. मानकातला सर्वात खालचा वर्ग ३.५, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३५ किलो. पिलर आणि वरच्या मजल्याचा भार जुन्या विटेवर टाकू नये. पायव्यालाही परीक्षा झाल्याशिवाय नको.

भावाचा हिशेब

हजारामागे किती सलग विटा हाती पडतील ते आधी शंभर विटा निवडून पाहा. समजा शंभरात ७२ सलग, १८ अद्धे, १० फेकण्याजोग्या निघाल्या. अद्धे कोपऱ्याला आणि जोड फिरवायला लागतात, म्हणून त्यांची अर्धी किंमत धरली तरी एकूण ८१ विटांचा माल झाला. नव्या विटेच्या भावाचे ८१ टक्के काढा, त्यातून सफाईची मजुरी आणि वाहतुकीतला फरक वजा करा. उरेल तो कमाल भाव. बहुतेक ठिकाणी हा आकडा नव्याच्या निम्म्याच्या आसपास येतो. त्याहून जास्त मागत असतील तर नवी वीट घ्या, किंवा राखेची. राखेची वीट मापात एकसारखी असते, माल कमी लागतो. तिची खोट वेगळी: पुरेसं पाणी न मारता आठवड्यात विकलेली वीट कोपऱ्यांनी झडते, आणि ती जोडाईआधी पूर्ण भिजवायची नसते, नुसता शिडकावा पुरतो.

जुनी भाजलेली वीट मात्र भिजवल्याशिवाय लावू नका. पाण्यात टाकून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायची, मग काढून वरचं पाणी निथळू द्यायचं. कोरडी लावली तर ती जोडातलं पाणी ओढून घेते आणि सिमेंट भुरभुरीत राहतं. सिमेंट-रेती १:६ पुरे. १:३ चा कडक माल मऊ विटेवर घातला तर पुढे भेग जोडातून न जाता विटेतून जाते. एक घनमीटर जोडाईला या मापाच्या साधारण ४३५ विटा लागतात, एका ब्रासला सव्वा बाराशे. जुन्या मालात दहा टक्के वर धरा.

जागाच घ्यायची असेल तर

कधी कधी विटांसोबत जमीनही विकायला असते. सातबारावर अकृषिक नोंद आणि दंडाची थकबाकी पाहणं आलंच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे माती कुठून आणि किती खोल उचलली होती ते. खड्डा भट्टीच्या राखेने आणि तुकड्यांनी भरून वर मुरूम पसरला असेल तर जमीन सपाट दिसते, पण त्यावर पायवा घातला की घर एका बाजूने बसतं. जेसीबीने चार ठिकाणी दोन-अडीच मीटर खोल खणून पाहा. राख, विटांचे तुकडे लागले तर मूळ जमीन लागेपर्यंत खाली जावं लागेल.

शेतीसाठी हा तुकडा लगेच उपयोगाचा नाही, वरचा कसदार थर विटांत गेलेला असतो. धानपट्ट्यात न बुजवलेला खड्डा मात्र बोडी, म्हणजे लहान तळं म्हणून बरा पडतो. तळाला चिकणमाती शिल्लक असेल तर पाणी फाल्गुनापर्यंत टिकतं, शिंगाडा लागतो, मासोळी होते. तळात रेतीचा थर उघडा पडला असेल तर पाणी दिवाळीलाच जिरतं. त्यामुळे जागा पाहायला पावसाळ्यात जाऊ नका, जानेवारीत जा.